एक पांढरा केस

सुई टेकली आणि स्फटिक ओल्या ढेकळासारखा फुटला. रुद्झानीने मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

"वेड लागलं का गं तुला?" दारातून मुओफेआत्या म्हणाली. लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढलेली सहायक. तिच्या हातात धुतलेल्या काचेच्या चंबूंचा ट्रे होता. "तीन वर्षांनी एक स्फटिक आला, तो फोडलास, आणि वर टाळ्या?"

"आत्या, मिठाचा असता तर कट्ट वाजला असता. हा मऊ फुटला. म्हणजे प्रोटीनचाच आहे. आपल्या प्रोटीनचा!"

"मग आता फ्रान्सला काय पाठवणार? चुरा?"

"चुरा पेरायचा. एकेका कणावर नवा स्फटिक धरतो."

आज शनिवार होता, लॅबमध्ये या दोघीच. बुधवारी सकाळी कुरियरवाला गोठवलेले स्फटिक न्यायला येणार होता. प्रोटीनची रचना टिपणाऱ्या फ्रान्समधल्या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर जोहान्सबर्गच्या या लॅबला शुक्रवारचे आठ तास मिळाले होते. ते हुकले की पुढची पाळी सात महिन्यांनी. काम तसं चिमूटभर. केस चुऱ्यात बुडवायचा आणि प्रोटीनच्या नव्या थेंबातून ओढायचा. पण केस हवा. घोड्याच्या शेपटीचा झुबका लॅबमधल्या कोबसने बापाच्या शेतावरून आणला होता, तो स्वीडनला जाताना बरोबर घेऊन गेला. रुद्झानीची आजी पंधरा दिवसांपूर्वी गेली, तेव्हा सुतकाच्या रीतीप्रमाणे रुद्झानीने आपलं डोकं गुळगुळीत केलेलं. भुवईचा केस तिने तिथल्या तिथे उपटून पाहिला. तो थेंबाला टेकताच वाकला.

ती आत्याच्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघायला लागली.

"बघूसुद्धा नकोस," आत्या म्हणाली.

"एकच. पांढरा. पांढरा ताठ असतो."

आत्या आपला केस परक्याच्या हाती पडू देत नाही, हे लॅबमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सलूनमध्ये कापलेले केससुद्धा ती वेचून पिशवीत घालायची आणि घरी नेऊन जाळायची. एका केसावरून माणसाचं काय काय वाटोळं करता येतं, याच्या गावाकडच्या चार खात्रीच्या गोष्टी तिच्याकडे होत्या. कोबस हसायचा. "तू हस बाबा," ती म्हणायची, "तुला काय, तुझ्याकडे उरलेत किती!"

तिने ट्रे छातीशी धरला. "आहे कुणाचं हे?"

"काय?"

"प्रोटीन. तीन वर्षं डब्यावर 'मानवी' असं वाचतेय. कुठल्या मानवाचं? बारा-बारा लिटर मी वाढवलं, मी गाळलं, तुमच्यातल्या एकानेही सांगितलं नाही. कोण कुठल्या माणसाच्या अंगातल्या वस्तूला मी माझा केस लावू?"

रुद्झानीने सुई खाली ठेवली. "पेशीत एक टॅक्सीतळ आहे असं समजा. मालाने भरलेल्या पुड्या टॅक्स्यांसारख्या उभ्या. हा तिथला गाड्या सोडणारा मार्शल. जीटीपी नावाचं पेशीतलं इंधन हातात आलं की म्हणतो, चल, सोड गाडी. ते खर्चलं की गप्प बसतो. आणि तो कुणा एकाचा नाही, आत्या. प्रोफमध्ये तोच, कोबसमध्ये तोच. तुमच्यातही तोच, आत्ता, या क्षणी."

"माझ्यात? हाच?"

"हाच."

"माझा वेगळा, प्रोफचा वेगळा, असं काही नाही?"

"नाही."

आत्याने वाकून त्या थेंबाकडे पाहिलं. मग तिने ट्रे ठेवला आणि रुमालाची गाठ सोडली. "एवढी ओळख आधीच करून द्यायची ना. मी बाई तीन वर्षं घरच्या माणसाला परकं समजत होते."

केस तिने स्वतः उपटला, चिमट्यात धरला, पण रुद्झानीला दिला नाही. "मीच ओढते. तू बघून सांग."

मग डोळा रुद्झानीचा आणि हात आत्याचा. "खाली. अजून जरा. टेकला. उचला. आता इकडच्या थेंबात, एकच रेघ." हात तसूभर कापला नाही. सहा थेंब झाले. केस कागदाच्या घडीत गेला आणि घडी ब्लाउजच्या आत.

मंगळवारी सकाळी आत्या आली तेव्हा रुद्झानी दारातच उभी होती. तिने आत्याला आत नेऊन मायक्रोस्कोपसमोरचं स्टूल ओढून दिलं. दोन्ही डोळे लावायचे असतात, हे आत्याला सांगावं लागलं. त्या स्टुलावर ती पहिल्यांदाच बसत होती.

थेंबातून तिचा हात जिथून गेला होता, तिथे, त्याच रेघेवर, स्फटिक उभे होते. कडा धारदार, आरपार स्वच्छ. रेघेबाहेर एकही नाही. आत्याचे ओठ हलत होते. ती मोजत होती की आपल्या वाडवडिलांची नावं घेत होती, ते कळेना.

लॅबचे प्रमुख प्रोफ लॅटेगन धावतच आले, पांढऱ्या कोटाची एकच बाही घातलेली. "आले? खरंच? मुओफे, उठ जरा, मला बघू दे."

"थांबा, प्रोफ," आत्या डोळे न काढता म्हणाली. "माझं बघून व्हायचंय अजून."