हात न पोचणारी जागा

आईनं टॉवेल खांद्यावर टाकला, तशी मुलगी म्हणाली, "तू नको. आत्याला बोलाव."

आईचा चेहरा उतरला. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तिनंच लेकीला भरवलं होतं, कुशीवर वळवलं होतं, रात्री जागवल्या होत्या. आज जखम सुकली म्हणून डॉक्टरांनी पहिल्यांदा अंगावर पाणी घेऊ दिलं, तर मान आत्याचा. पण तिनं आत्याला हाक मारली. टॉवेल नणंदेच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

आत्याही चपापली. ऑपरेशननंतर ती भावाकडे बेतानंच यायची. ती दारात दिसली, की 'पोर कशी सरळसोट झाली' हे कौतुक अर्ध्यावर तुटायचं आणि बोलणं उकाड्यावर जायचं. तिची स्वतःची पाठ लहानपणापासून वाकडी, भाचीची होती त्याहून जास्त. तिच्या वेळी डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरून नुसती मान हलवली होती. घरच्यांना वाटायचं, कौतुक ऐकून तिला लागेल. तिला लागायचं ते त्यांचं असं गप्प होणं.

बाथरूममध्ये बादली उंच स्टुलावर ठेवली होती. मुलीला आता पाठ वाकवता येत नव्हती. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना सळया होत्या आणि त्या जन्मभर तिथेच राहणार होत्या. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आत्यानं तिचा सैल सदरा हलकेच उतरवला. मानेखालून थेट कमरेपर्यंत एक लांब गुलाबी रेघ. कोमट पाण्याचा पहिला तांब्या खांद्यावर ओतत तिनं विचारलं, चटका तर बसत नाही ना?

मुलीनं मान हलवली. मग म्हणाली, "मला मागे वळून बघता येत नाही. सगळे म्हणतात, झकास झालीय. तू खरं सांग."

आत्या बघत राहिली. शर्टाच्या कारखान्यात शिवण तपासण्यात तिचा जन्म गेला होता.

"शिवण एक नंबर आहे," ती म्हणाली. "माझ्या टेबलावर आली असती, तर डोळे मिटून पुढे सरकवली असती."

मुलीला हसू आलं. तिनं ते आवरलं. हसलं की अजून ओढ बसायची.

"आणि पाठ?"

'सरळ' हा शब्द आत्याच्या अगदी जिभेवर होता. बोलायला सोपा, आणि बराचसा खराही.

"कणा सरळ झालाय. उजव्या खांद्याचं पातं मात्र अजून थोडं वर आहे. तेवढं राहील बहुतेक."

अंगावरचं पाणी निथळत राहिलं. मग तिनं बारीक आवाजात विचारलं, असं होतं तर एवढं सगळं सोसलं कशाला? आत्यानं तिच्या केसांत साबण घातला आणि सांगितलं, की छातीत श्वासाला जागा राहावी म्हणून. आत्याला स्वतःला एक जिना चढला की कठड्याला धरून उभं राहावं लागतं. भाचीला तसं राहावं लागणार नाही.

केस धुऊन झाले. मुलगी सावकाश, अख्खीच्या अख्खी वळली.

"तुझी कशी आहे?"

हे आजवर आत्याला कुणी विचारलं नव्हतं. पाठीचं माप घेऊ द्यायला नको म्हणून ती स्वतःचे कपडेही स्वतःच शिवायची. तिनं तांब्या खाली ठेवला, गुंड्या काढून ब्लाउज उतरवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

आत्यानं नळ घट्ट धरला. मग एक ओलं बोट तिच्या मानेखाली टेकलं. ते उजवीकडे गेलं, वळलं, डावीकडे आलं आणि एका खोल खळग्याशी थांबलं.

"इथं तुझा हात पोचतो?"

"नाही गं."

आत्या जेमतेम तिच्या खांद्याला लागत होती. वाकायची गरजच नव्हती. मुलीनं बादलीत तांब्या बुडवला, पाणी ओतलं, आणि साबणाचा फेस करून तो त्या खळग्यात तळहातानं हळूहळू चोळू लागली. आत्यानं डोळे मिटून घेतले.

दारावर थाप पडली. आई विचारत होती, झाली का नाही अजून अंघोळ, पोर गारठेल.

"माझी झाली," मुलगी म्हणाली. "आता आत्याची चाललीय."

मग आईचा आवाज आला.

"थांबा मग. अजून एक बादली गरम पाणी आणते."