दहा चुकीची वाक्यं

छापखान्याचे मालक अण्णासो यांनी ओलं प्रूफ कंपोझिटर मौलालीच्या पुढ्यात आपटलं, आणि शुक्रवार पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की हे काय करून ठेवलंय.

राजमतीबाईंचं एस.एस.सी.चं इंग्रजी गाईड छापायला आलं होतं. चाळिसाव्या पानावर सरावासाठी दहा चुकीची वाक्यं होती. ती पोरांनी दुरुस्त करायची. मौलालीनं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतानाच ती दुरुस्त करून टाकली होती. आता पोरांनी काय करायचं, कपाळ? परीक्षा दीड महिन्यावर, आणि बाई स्वतः समोर खुर्चीवर बसलेल्या. अण्णासोंचा जीव अर्धा झाला होता.

बाईच उलट समजूत घालत होत्या, की नजरचुकीनं झालं असेल, असू द्या.

मौलाली काल संध्याकाळपासून याच घटकेची वाट बघत होता.

गेल्या महिन्यात प्रूफं तपासणारे जोतीराम मास्तर मुलाकडे राहायला गेले. तेव्हा त्यांच्या जागेवर मला बसवा, म्हणून त्यानं मालकांना विनवलं होतं. अण्णासो वाईट माणूस नव्हते, पण पोट धरून हसले. चौथी शिकलेला माणूस इंग्रजी तपासणार! मौलालीही सोबत हसला, आणि गडमुडशिंगीला घरापर्यंत सायकल मारताना त्याला रडू आलं. अठरा वर्षं तो इंग्रजी गाईडं जुळवत होता. हॅपी, ग्लॅड, चिअरफुल. सॅड, सॉरोफुल, ग्लूमी. एकेक खिळा उलटा वाचत एकाच अर्थाचे शब्द शेजारी शेजारी बसवले होते त्यानं. पाठ असे कधी केलेच नाहीत, ते आपसूक बोटांत येऊन राहिले. पण हे सांगायचं कुणाला? विचारत होतं कोण?

"चुकून न्हाय झालं मालक," तो म्हणाला. "तोंडानं सांगून पटत न्हवतं, म्हणून जुळवून दाखवलं."

उत्तरांचं पान बघून केलं असेल, त्यात काय मोठंसं, असं अण्णासो फणकारले. बाईंनी मान हलवली. उत्तरं अजून त्यांच्या पिशवीतच होती, आज द्यायला आणली होती. त्यांनी ती बाहेर काढली आणि लाल पेन्सिल घेऊन एकेक वाक्य ताडून बघू लागल्या. पहिलं बरोबर. दुसरंही. मशीनवरची माणसं काम थांबवून बघत राहिली. मौलाली शिशानं काळी झालेली बोटं उगीच सदऱ्याला पुसत होता. आठव्या वाक्यावर पेन्सिल अडली. ते त्यानं बाईंच्या हस्तलिखितात होतं तसंच ठेवलं होतं.

"हे राहिलं की," बाई म्हणाल्या.

मौलाली म्हणाला, "त्यात चूकच न्हाय बाई. दोनदा बगितलं."

बाईंनी वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. चूक घालायची त्याच विसरल्या होत्या. त्या ओशाळल्या, मग हसल्या, आणि हस्तलिखितात तिथं पेन्सिलीनं एक चूक घातली. माझ्यासुद्धा नजरेतनं सुटलं होतं हे, असं त्यांनी अण्णासोंना सांगितलं. बाकीची नऊ उत्तरं त्यांच्याशी तंतोतंत जुळली.

अण्णासोंनी दुसऱ्या कंपोझिटरला, गुंडूला, हाक मारली आणि ती वाक्यं हस्तलिखिताबरहुकूम पुन्हा जुळवायला दिली. मौलाली मान खाली घालून आपल्या जागेकडे निघाला, तसा त्यांनी त्याला दंडाला धरून मास्तरांच्या टेबलापाशी नेलं.

"हितं बस. गुंडूचं प्रूफ आलं की तपास," ते गुरकावले. "आणि ध्यानात ठेव, एकबी चूक दुरुस्त करायची न्हाय."