टाचेखालचा माणूस

बादशहाने प्रागच्या लोकांना फर्मावलं, कॅथलिक व्हा नाहीतर चालते व्हा. माझ्या बापाने दोन्ही केलं नाही. तो तुरुंगात मेला. त्याची कोरायची हत्यारं माझ्याकडे आली आणि ज्यांनी त्याला कोंडलं, त्यांच्याच देवळासाठी मी तांब्याच्या पत्र्यावर संतांची चित्रं कोरू लागले. पोट कुणाला चुकलंय?

या खेपेला संताच्या टाचेखाली एक पाखंडी हवा होता, वर संताकडे बघणारा. मी त्याला बापाचा चेहरा दिला.

तांब्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, डावं ते उजवं होतं. पहिल्या छापात संत उलटला, ढग उलटले, देवदूतही उलटले. बाप तेवढा उलटला नाही. त्यामुळे त्याने संताकडे पाठ फिरवलेली दिसत होती.

"घासून काढ त्याला," छाप बघायला आलेले देवळाचे फादर मेलिखार म्हणाले.

मी पत्रा मागून ठोकला, पुढून घासला, गुळगुळीत केला. दुसऱ्या छापात संताची टाच रिकाम्या जमिनीवर होती आणि बाप चित्राच्या अगदी काठाशी उभा होता.

फादरांनी पत्र्याच्या काठावर बोट फिरवलं. तिथे काहीच कोरलेलं नव्हतं.

"हे तू केलंस, डोरोता?"

"नाही. पण मीच केलं असं लिहून घ्या."

त्यांनी तो ओला कागद टेबलावर पालथा आपटला.

कागदाच्या कोऱ्या पाठीवर बाप उभा होता, थेट त्यांच्या डोळ्यांत बघत.

"आता कुठून घासू, फादर?" मी विचारलं.