जाळीखालचं पाणी

“हा वास माणसाचा नाही, वहिनी. गटाराचा आहे,” प्लंबर म्हणाला आणि बाथरूमच्या कोपऱ्यातल्या जाळीपाशी उकिडवा बसला.

सुनेला ते काही पटलं नाही. दोन महिने ती या वासाच्या मागे हात धुऊन लागली होती. फिनेल झालं, ॲसिड झालं, डांबराच्या गोळ्या झाल्या. वास ढिम्म हलला नव्हता. बाथरूम सासऱ्यांच्या खोलीला लागून होतं आणि सासरे एकोणऐंशीचे होते. या वयात ताबा राहत नाही, माणसाला स्वतःला कळतही नाही, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं. त्यानेही हो-नाही करत मान डोलावली होती.

मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट आणून कपाटात ठेवलं होतं. ते म्हातारबुवांच्या हातात द्यायचं कोणी, यावर दोघांची आठ दिवस टोलवाटोलवी चालली होती. “वडील तुझे आहेत,” ती म्हणायची. “वास तुला येतो,” तो म्हणायचा. ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणाकडे पाण्याचा पेलासुद्धा मागितला नाही, त्याला हे सांगायचं म्हणजे दोघांच्याही जिवावर आलं होतं. शेवटी आज संध्याकाळी तो कामावरून आला की दोघांनी मिळून सांगायचं ठरलं. मागाहून रुखरुख नको, एवढ्यासाठीच तिने त्याआधी प्लंबरला बोलावलं होतं.

प्लंबरने जाळी उचलली, आत बॅटरी मारली आणि बोट घालून पाहिलं.

“या ट्रॅपमध्ये कायम पाणी साचलेलं हवं. तेच गटाराचा वास अडवून धरतं. इथे बघा, कोरडं ठणठणीत.”

“कोरडं असणारच. सासरे एकदा घसरले, तेव्हापासून मी इथे पाणी ओतायचं बंदच केलं. फिनेलसुद्धा फडक्याने फिरवते.”

“अहो, पण रोज एक आंघोळ झाली तरी हा भरलेला राहतो. हे बाथरूम बंद असतं का?”

“बंद कशाला असेल? सासरे वापरतात की रोज.”

प्लंबर हसला. “आंघोळीला तरी नाही वापरत. निदान महिना-दीड महिना तरी इथे कोणी अंगावर पाणी घेतलेलं नाही. मध्यंतरी घर बंद होतं का?”

होतं. भर उन्हाळ्यात सगळे मिळून तीन आठवडे लग्नाला गेले होते. परत आल्यावर दार उघडलं तोच हा वास आला होता. तेव्हा बॅगा खाली ठेवायच्या आधी ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, “शी! बाबांच्या बाथरूममधून कसला वास येतोय हा!”

प्लंबरने दोन बादल्या पाणी ओतलं, जाळी बसवली, खिडकी उघडली आणि हत्यारं गोळा केली. एवढंसं काम होतं. पाव तासात वास गेला. तिने मुद्दाम दीर्घ श्वास घेऊन पाहिला. मग तिची नजर साबणाकडे गेली. साबणाला उभ्या भेगा पडल्या होत्या. रोज फडका फिरवताना तो तिला कधी दिसला नव्हता.

सासरे गॅलरीत पेपर वाचत बसले होते. धुतलेला सदरा, नीट पाडलेला भांग. माणूस नेहमीसारखाच स्वच्छ होता, आणि तेच आता तिला बघवेना.

“बाबा, तुम्ही आंघोळ कुठे करता?”

त्यांनी पेपराची घडी घातली. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

“बसस्टँडवर. सकाळी फिरायला जातो ना, तेव्हाच सगळं उरकून येतो. चांगली सोय आहे गं तिथे. गरम पाणीसुद्धा मिळतं.”

“पण का?”

“तू म्हणाली होतीस ना, वास येतो म्हणून. माझं नाक तर केव्हाच गेलंय, मला काही कळत नाही. म्हटलं, माझाच असेल.”

तिला सांगायचं होतं, बाबा, तो वास तुमचा नव्हता. पण लाजेने तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिच्या गप्प राहण्याचा त्यांनी भलताच अर्थ घेतला. ते थोडे पुढे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले,

“तिथल्या माणसाला मी रोज विचारतो, येतोय का रे वास? तो म्हणतो, नाही बाबा, अजिबात नाही. पण तो पडला परका. खरं काय ते घरचं माणूसच सांगणार.”