मांत्रिकाची अट

भूपेंद्रने आपल्या नव्या खेळासाठी मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक रचला. राजा असो की राक्षस, याने हाक मारली की मुडदा उठून कामाला लागायचा. अट एकच होती: नाइट शिफ्ट करून आलेल्याला उठवायचं नाही.

रुआबांधा वस्तीत मैत्रिणीच्या, नीतूच्या घरी पहिला डाव मांडला, तेव्हा ती हसतच सुटली. “राक्षसांच्या राज्यात नाइट शिफ्ट कुठून आली रे? काढून टाक ना हे!”

“राहू दे,” भूपेंद्र मान खाली घालून म्हणाला.



एकदा सकाळी स्टील प्लांटमधून नाइट शिफ्ट करून येऊन झोपलेल्या बाबांना त्याने हलवून उठवलं होतं. “आत्ताच तं लेटलो रे बेटा,” म्हणत ते उठले, त्याला असाच एक डाव खेळायला पद्मनाभपुरात सोडलं आणि परतताना चालत्या स्कूटरवर त्यांचा डोळा लागला.