लताबाई बोलतेय

"नावं कटली म्हणतात, आणि तुमच्या बोटाला शाई कशी हो, भाऊजी?" नवसाबाईंनी ओट्यावरूनच विचारलं.

धोंडीराम शाळेतल्या केंद्रावरून आताच परतला होता. साडेचार वाजले होते. सहाला मतदान बंद होणार होतं, आणि गल्लीतलं कोणी अजून मतदानाला निघालं नव्हतं. सकाळी वसाहतीच्या ग्रुपवर मेसेज आला होता: आपल्या लोकांची नावं यादीतून कटली आहेत, केंद्रावर गेलात तर बोगस म्हणून केस होईल.

"यादी बघून आलो. सगळ्यांची नावं आहेत. मागच्या निवडणुकीला फिरला होता तोच मेसेज आहे हा."

"तुमचं असंल," समोरचा जयराम म्हणाला. "माझ्या पोराची भरती चाललीय. केस नको आपल्याला."

"आपल्यासोबत होतं की असं," नवसाबाई म्हणाल्या. "लताताई असत्या तर गोष्ट वेगळी होती."

लता धोंडीरामची बायको. अंगणवाडीत होती. ग्रुपवर काहीही आलं की ती चपला घालून निघायची. स्वतः बघून यायची आणि मग आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. बोलणं संपल्यावर बटण सोडायचं मात्र तिच्या कधी लक्षात राहायचं नाही. गल्ली तिचंच मानायची. तिला जाऊन चार महिने झाले होते.

तो घरात गेला. तिचा फोन तो रोज चार्ज करायचा, उघडायचा नाही. तिचा आवाज ऐकायचा धीर नव्हता. आज उघडला. मागच्या निवडणुकीचा तिचा निरोप शोधला आणि न ऐकताच पुन्हा ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आवाज जुना आहे. आज बघून मी आलोय. धोंडीराम."

तो दारात आला तेव्हा घराघरांतून तिचा आवाज येत होता. कुठे थोडा पुढे, कुठे थोडा मागे.

"जय भीम, लताबाई बोलतेय. मी शाळेत जाऊन आले. नावं आहेत सगळ्यांची. आवरा आणि निघा."

नवसाबाई उठल्या, चपला शोधू लागल्या. जयरामने आत हाक मारली, "चल गं, कार्ड घे."

निरोप अजून संपला नव्हता. भांडं वाजलं. मग एकेका दारातून ती म्हणाली, "अहो, चहा गाळलाय. निवायच्या आत या."

धोंडीराम गल्लीत उभा होता.

"आलो," तो म्हणाला.