शंभर किलोंच्या आतलं

पूल पाडण्याआधी त्याच्या गर्डरची, म्हणजे आडव्या तुळयांची, आठवण वाचायची आणि मगच सही करायची, हा नियम पूल खात्याच्या डोंगरेसाहेबांनीच घालून दिला होता. आता पाडायच्या या पुलावरून एकवीस वर्षांत गेलेलं प्रत्येक ओझं त्या काँक्रीटनं लक्षात ठेवलं होतं.

"सर, शंभर किलोंच्या आतलं सगळं तुम्ही गाळायला लावलं होतं. आज दाखवू?" नाझनीननं विचारलं. ती खात्यातली नवी इंजिनिअर होती.

"दाखव. माणसाच्या वजनानं गर्डरला काय होतंय!" लाइव्ह लोड, म्हणजे पुलावरून येणारं-जाणारं ओझं, त्यांच्या लेखी फक्त ट्रकचं, तेही सुरक्षेसाठी दीडपट धरलेलं.

पडद्यावर दर रविवारी एक रेघ उमटली होती. बावन्न किलो. पलीकडच्या काठावरून मधल्या गर्डरपर्यंत येऊन, दहा मिनिटं थांबून परत फिरणारी. उजवं पाऊल जड, डावं हलकं.

साहेब खुर्ची पुढं ओढून पडद्याजवळ सरकले. लहानपणी जिन्यावरून पडल्यापासून त्यांची मुलगी शलाका तशीच चालायची. तिच्या लग्नावरून भांडण झालं, तेव्हा "या काठाला पुन्हा पाय लावू नकोस," असं त्यांनीच लेकीला बजावलं होतं. तिनं लावला नव्हता.

"पुढं वजन उतरत गेलंय, सर. शेहेचाळीस. एकोणचाळीस. चौतीस. दर दहा पावलांवर थांबलंय कुणीतरी."

तिच्या आजाराचं साहेबांना ती गेल्यावरच कळलं होतं.

"शेवटच्या रविवारी किती वेळ उभी होती?"

"पाऊण तास."

मधल्या गर्डरपासून साहेबांचं अंगण हाकेच्या अंतरावर होतं. दर रविवारी सकाळी ते तिथंच पेपर वाचत बसायचे, पुलाकडे पाठ करून.